चुकलेल्या माणसाचे हेडफोन

"हे बघ," ताई म्हणाली, "आधी नोकरी लागू दे. पत्र हातात पडू दे. मग काय सांगायचं ते सांग. आधीच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

धाकटी दारात बसून बुटाची नाडी बांधत होती. पस्तिशी उलटली, केसांत चांदी चमकायला लागली, तरी घरात ती धाकटीच. बांधलेली नाडी तिने सोडली आणि परत बांधली, कारण दोन्ही बुटांचा ताण सारखा लागल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नसे. हे ताईला ठाऊक होतं, म्हणून ती थांबली. एरवी ताई कुणासाठी थांबणारी बाई नव्हे.

"मी अर्जातच लिहिलंय," धाकटी म्हणाली.

"काय लिहिलंयस?"

"मला ऑटिझम आहे. मोटरचा आवाज सलग सहन होत नाही. काम सांगायचं ते लिहून द्यावं. दिवा लुकलुकणारा नसावा. बस, एवढंच."

ताईने कपाळाला हात लावला. "एवढंच म्हणे! अगं, लग्नाच्या जाहिरातीत कुणी आपले दोष आधी लिहितं का?"

"म्हणून तर लग्नं तशी होतात," धाकटी म्हणाली, आणि ताईला हसू आवरेना. हसू ओसरल्यावर मात्र तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. हाताचं वजन नीट टाकून, कारण हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श धाकटीला खपत नाही. "नाही म्हणाले तर?"

"तर निदान कळेल."

ताईची काळजी काही हवेतली नव्हती. धाकटी दातांच्या लॅबमध्ये काम करणारी. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतो आणि लॅबकडे पाठवतो. लॅबमधली माणसं त्यात प्लास्टर ओततात, प्लास्टरच्या हिरडीवर मेण चढवतात, मेणात एकेक दात बसवतात, मग त्याची पक्की कवळी होते आणि पॉलिशला जाते. पेशंटला वाटतं, कवळी डॉक्टरांनी केली. वाटू दे. धाकटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला मेण आवडायचं. कोमट सुरीखाली ते कसं नमतं आणि गार झालं की कसं हट्टाला पेटतं, हे बघत ती दिवसच्या दिवस बसू शकली असती. दुसरं काही काम तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

मागच्या लॅबमध्ये तिने सगळं लपवलं होतं. लोक हसले की हसायचं, कुणी डोळ्यांत बघून बोललं की आपणही बघायचं, मोटरींचा कल्ला डोक्यात घण घालत असला तरी चेहरा असा ठेवायचा की जणू बागेत बसलोय. संध्याकाळी घरी आली की ती न्हाणीघरात शिरायची, दिवा न लावता जमिनीवर बसून राहायची. ताईला वाटायचं, पोट बिघडलंय. मग एक दिवस धाकटीचं बोलणंच बंद पडलं. दुखत-खुपत नव्हतं, शब्द मनात होते, पण तोंडापर्यंत यायलाच तयार नाहीत. कित्येक आठवडे ती ताईशी कागदावर लिहून बोलली. डॉक्टरांकडे खेटे घालून झाल्यावर त्या दुखण्याला नाव मिळालं. ताई तेव्हा रडली आणि मग म्हणाली, "म्हणजे लहानपणी मी तुला घातलेले सगळे धपाटे फुकट गेले म्हणायचे!" बोलणं परत आल्यावर धाकटी पहिलं काही बोलली असेल तर ते हेच, की तू ते धपाटे परत घे.

तेव्हाच तिने कानाला खडा लावला. लपून नोकरी करायची नाही. उघडपणे मिळाली तर दातांचं काम करायचं, नाहीतर दात सोडायचे आणि मिळेल ते करायचं. दात सोडायचे हा विचारच तिला नकोसा व्हायचा. पण मुकं होऊन बसण्यापेक्षा ते बरं, असं तिने मनाला बजावलं होतं.

आजची लॅब मोठी होती. आत शिरल्या शिरल्या भिंतभर पोस्टर. त्यावर रंगीबेरंगी मेंदू, प्रत्येक मेंदूला हसरं तोंड, आणि खाली ठळक अक्षरांत: 'वेगळे मेंदू, आमची ताकद!' मेंदूला तोंड असतं तर माणसांची किती पंचाईत झाली असती, असं धाकटीच्या मनात आलं. पोस्टरवर तिचा विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. पोस्टर काय, छापलं की होतं. खरं काय ते काम करणाऱ्या माणसांच्या टेबलाशी कळतं.

एचआरच्या बाई लगबगीने आल्या. चेहऱ्यावर हसू, हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. "या, या! तुमचा अर्ज वाचला. किती धाडसाने लिहिलंय तुम्ही! आम्हाला न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे वेगळ्या मेंदूचे लोक हवेच आहेत. आज दिवसभर काम करून दाखवा, संध्याकाळी बोलू. तुमची मागणी आम्ही आधीच मान्य केलीय. बघा." त्यांनी आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन पुढे केले. गाणी-बिणी न वाजवणारे, नुसतेच कान झाकणारे. धाकटीने ते हातात घेतले आणि तिला खरोखर बरं वाटलं. इतक्या वर्षांत न मागता तिच्या हातात कुणी असं काही ठेवलं नव्हतं. न मागता म्हणजे, अर्जात मागितलेलं होतं. पण अर्ज कोण वाचतो?

"आणि तुमची खासियत काय?" बाईंनी विचारलं.

"कसली?"

"म्हणजे प्रत्येकात काहीतरी असतं ना. कुणाला आकडे तोंडपाठ, कुणाची नजर तेज…"

"मला काही नाही."

"असेल हो! तुम्ही लाजताय."

"मी लाजत नाहीये. मला ताईचा फोन नंबरसुद्धा पाठ नाही. दात मी बरे बसवते. फार छान नाही, वाईट नाही. कधीमधी चुकते."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे फाईलकडे वळले. मागवलेली वस्तू खोक्यातून निघावी आणि रंग दुसराच असावा, तसं काहीतरी त्यांना झालं असावं. "बरं, बघू या," त्या म्हणाल्या. "आधी तुम्हाला आमचा हिरा दाखवते."

हिरा म्हणजे माणूस निघाला. कामाच्या मोठ्या खोलीच्या कडेला काचेची छोटी खोली होती आणि तिच्यात एक सडपातळ माणूस पाठीला बाक काढून बसला होता. कानांवर तसेच हेडफोन. त्याचं काम दातांचा रंग ठरवायचं. पांढऱ्यात किती पिवळं, पिवळ्यात किती राखाडी, हे बाकीचे लोक रंगपट्टी दाताशेजारी धरून ठरवतात. हा नुसतं बघून सांगायचा. पाहुणे आले की त्याच्या काचेसमोर उभे राहायचे, कुणीतरी दात पुढे करायचं, तो क्रमांक सांगायचा आणि पाहुणे माना डोलवायचे. बाईंनी हे सगळं कौतुकाने सांगितलं. "सगळ्यांत शांत खोली आम्ही यालाच दिलीय. कधी चुकत नाही!"

धाकटीने बाईंना सरळ विचारलं, "मी याच्याशी एकटीने बोलू का?" बाई क्षणभर घोटाळल्या, पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून बाजूला झाल्या.

काचेच्या आत खरंच शांत होतं. माणसाने तिच्याकडे न बघता विचारलं, "तू पण?"

"हो. इथे बरं आहे का?"

त्याने समोरचा दात उचलला, फिरवला, परत ठेवला. गप्प बसणाऱ्या माणसाला घाई करू नये, हे धाकटीला शिकवायला लागत नाही. शेवटी तो म्हणाला, "खोली बरी आहे. पण मी चुकलो की खोली जाईल. म्हणून मी चुकत नाही. घरी गेलो तरी डोळ्यांपुढे दातच येतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पट्ट्या लावून सराव करतो. आताशा दुपारनंतर नजर थकते. कुणाला सांगितलं नाहीये."

"जाईल असं कोण म्हणालं?"

"बाहेर विचार. पॉलिशच्या मावशींना विचार."

धाकटीला जागा मिळाली ती नेमकी मावशींच्या मोटरपासून हातभर अंतरावर. मावशी वयाने पोक्त, गोलमटोल, दोन्ही कोपरांपर्यंत पॉलिशची पावडर लागलेली. कवळी फिरत्या चाकावर धरली की असा काही किंकाळीवजा आवाज निघायचा की दाढा दुखाव्यात. आणि त्यांच्या कानांवर काहीही नव्हतं. साधे कापसाचे बोळे, तेही मळके.

"मावशी, तुम्हाला हेडफोन नाहीत?" धाकटीने ओरडून विचारलं. ओरडणं तिच्या जिवावर येतं, पण दुसरा इलाज नव्हता.

मावशींनी चाक थांबवलं. "मला कुठून? ज्याच्या हातून आठवडाभर चूक होत नाही, त्याला पुढच्या आठवड्याला हेडफोन. साहेबांची शक्कल. शाबासकी म्हणे! आणि माझं कसं आहे पोरी, कवळी परत आली की शेवटचा हात माझा. मेण कुणी बिघडवो, प्लास्टर कुणी फोडो, नाव पॉलिशचं. त्यामुळे आम्ही जन्माचे नापास." त्या हसल्या. "घरी टीव्हीचा आवाज वाढवते तर सून म्हणते, सासूबाई, शेजाऱ्यांचा पण विचार करा. आता कानात दिवसरात्र शिट्टी वाजते तिला मी काय करू?"

"पण मला सकाळीच दिले."

"तू पाहुणी. पहिला दिवस. आणि आणायला काय झालं, साहेबांच्या कपाटात खोकी भरून आहेत. कुठल्याशा योजनेत सगळ्यांसाठी म्हणून घेतले होते. फोटो काढले आणि कुलूप घातलं." मावशींनी मान हलवली आणि चाक पुन्हा सुरू केलं.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडफोन कुलपात, आणि समोर ही बाई कापसाचे बोळे घालून बहिरी होत चाललीय. कुणाला चष्मा लागतो म्हणून 'नीट वाचलंस तर चष्मा देऊ' असं कुणी म्हणतं का? चष्मा घातल्यावर नीट वाचता येतं! उलटीच तऱ्हा. तिला वाटलं, उठावं, हेडफोन काढून टेबलावर आपटावेत आणि घरी जावं. पण साहेब अजून भेटलेच नव्हते. ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, ही तिची सवय. साहेबांनी आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय तिला ते खरं धरता येत नव्हतं.

साहेब भेटले ते जाता जाता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं भरभर, माणूस वाईट नाही असं पहिल्या नजरेला वाटावं असा. खालच्या-वरच्या हिरडीचं प्लास्टर तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "वरची बसवा. आजीबाईंची कवळी आहे, पुढचे दात फार एकसारखे नकोत, थोडे नैसर्गिक, ओठ उचलला गेला पाहिजे, आणि चावा जरा…"

"लिहून द्याल का?" धाकटी म्हणाली.

"एवढंसं काय लिहायचं?"

"अर्जात लिहिलंय मी."

साहेबांनी सुस्कारा सोडला, पण खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीवर खरडलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, तरी वाचता येत होतं. धाकटीने मनातल्या मनात त्यांच्या नावावर एक गुण जमा केला. वाकडं तोंड करून का होईना, लिहिलं.

मग ती कामाला लागली. सुरी तापवली, मेण नमवलं, मधले दोन दात बसवले, एक जरासा पुढे, जसा आजीबाईंच्या वयाला शोभेल. हेडफोनमुळे मोटरींचा कल्ला दूर कुठेतरी पलीकडच्या गल्लीत चालल्यासारखा येत होता. हात सैल झाले, खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांनी तिला दातांची भूक लागल्यासारखी झाली. ती एकेक दात उचलत होती, बसवत होती, मान कलती करून बघत होती, आणि तिच्या मनात आलं, इथे जमेल. मागचा-पुढचा विचार न करता आलं, अगदी लहान मुलासारखं.

दाढा बसवून झाल्यावर तिने प्लास्टर डोळ्यांसमोर धरलं आणि तिचा चेहरा उतरला. सुळे उलटे बसले होते. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. दिसायला दोन्ही सारखेच. पण आरशातल्या प्रतिमेसारखे, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवशिक्याची चूक. ना आवाजाचा दोष, ना दिव्याचा, ना चिठ्ठीचा. रमली आणि चुकली. झालं.

दुरुस्तीला फार काही लागलं नसतं. सुरी गरम होतीच. मेण मऊ करायचं, दोन सुळे उपटायचे, अदलाबदल, पुन्हा गुळगुळीत. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने सुरी उचललीसुद्धा.

आणि मग तिने ती खाली ठेवली. सुळे गुपचूप बदलले तर संध्याकाळी नोकरी नक्की होती. पण आज सुळे लपवले की उद्या डोकेदुखी लपवायची, परवा थकवा, आणि मग परत तेच न्हाणीघर, तोच अंधार, तेच मुकेपण. न चुकणाऱ्या धाकटीला हे लोक सांभाळतील, यात शंका नव्हती. चुकलेलीला सांभाळतात का, हे कळायला चुकूनच दाखवायला हवं होतं, आणि चूक तर आयती हातात होती. ती उठली, प्लास्टर दोन्ही हातांत धरलं आणि कानांवरचे हेडफोन तसेच ठेवून साहेबांच्या केबिनशी गेली. केबिनचं दार सताड उघडं होतं, आतलं सगळं बाहेर दिसत होतं.

"अरे वा, झालं?" साहेब म्हणाले.

धाकटीने एक कान मोकळा केला. "चुकलंय. सुळे उलटे बसवले मी. दुरुस्त करते. तुम्हाला दाखवायला आणलं."

साहेबांनी बघितलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. "पहिल्याच दिवशी? ठीक आहे, होतं असं. करा दुरुस्त." आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. उसनं दिलेलं पेन परत मागावं इतक्या सहज. "हे तेवढं इथे ठेवा. नियम सगळ्यांना सारखा. आठवडाभर नीट काम झालं की परत घ्या."

झालं. कळलं. आता ऐकीव काही राहिलं नाही.

"नाही," धाकटी म्हणाली.

"काय नाही?"

"देणार नाही. हे बक्षीस नाहीये. हे घालून मी काम करते. हे काढलं तर मी आणखी चुकेन, मग तुम्ही आणखी देणार नाही. याला काय अर्थ आहे?"

"अहो, प्रोत्साहन म्हणून…"

"खुर्ची देता ना बसायला? चुकलं की खुर्ची काढून घेता का?"

साहेब लाल झाले. आवाज चढलेला ऐकून एचआरच्या बाई धावत आल्या. प्रकरण कळल्यावर त्यांनी साहेबांना डोळ्यांनी गप्प केलं आणि धाकटीकडे वळून तोंडात साखर घोळवली. "अहो, एवढं काय! तुमच्याकडे डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे ना? मग तुमच्यासाठी सूट. तुमचे हेडफोन कायमचे तुमच्याकडे. चुकलं तरी. बाकीचे नियम बाकीच्यांना. आणि खरं सांगू, तुम्ही आम्हाला हव्याच आहात. सोमवारपासून या. पत्र आजच देते."

आता बघा, नोकरी तिच्या पुढ्यात होती. दात, मेण, पगार, ताईच्या डोक्यावरचा भार हलका, आणि वर लपायचीही गरज नाही. जे मागायला आली होती ते सगळं. 'हो' म्हणायला तोंड उघडायचाच अवकाश. तिने तोंड उघडलं, आणि तिची नजर मावशींवर गेली. मावशी चाक फिरवत होत्या, कानातला बोळा एका बाजूने निसटून लोंबत होता, आणि तो परत कोंबायला हात मोकळा नव्हता.

"आणि मावशींना?" धाकटीने विचारलं.

"त्यांचं काय? त्यांना कुठे काय आहे?"

"कान आहेत."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. धाकटीला आता शब्द सुचत होते, भराभरा, एकामागून एक, कधी सुचले नव्हते तसे. "मला सूट नको. सूट दिली की ती काढता येते. मी आज पाहुणी म्हणून, तो आत बसलेला माणूस हिरा म्हणून, आणि बाकीच्यांनी काय बहिरं व्हायचं? तुम्ही मला सकाळी विचारलंत, खासियत काय. काही नाही. मी साधी कारागीर आहे. साध्या माणसाला, चुकणाऱ्या माणसाला, तुमच्या इथे हे मिळतं का? मला गोल गोल बोललेलं कळत नाही. हो की नाही, तेवढं सांगा."

"हे असं एका दिवसात ठरत नसतं," साहेब म्हणाले.

"कपाट उघडायला दिवस लागत नाही."

"तुम्हाला नोकरी हवीय की नकोय?"

"हवीय," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "खूप हवीय. अशी नकोय."

तेवढ्यात मावशींच्या चाकाची किंकाळी थांबली. कवळी हातातच धरून त्या केबिनकडे बघत होत्या. किती ऐकलं, किती नाही, कोण जाणे. पण साहेबांचा पुढे केलेला हात आणि लाल झालेला चेहरा समजायला कान लागत नाहीत. त्यांनी मोटरचं बटण बंद केलं, हात झटकले आणि पदराशी पुसत स्वस्थ बसल्या. त्यांच्या शेजारच्याने बघितलं. त्याने आपला हँडपीस, हातातलं घासायचं छोटं यंत्र, खाली ठेवला. मग पलीकडची. मग खिडकीशी बसलेले दोघे, एकमेकांकडे चोरून बघत. शेवटची मोटर घरघरत मंदावली आणि खोलीत अशी शांतता पसरली की कोपऱ्यातला नळ टपटपताना ऐकू यायला लागला. तो नळ गळतो हे तिथल्या कुणालाही तोवर माहीत नव्हतं.

काचेच्या खोलीचं दार उघडलं. हिरा बाहेर आला. त्याने हेडफोन काढून हातात घेतले होते. इतके लोक एकदम बघायला लागल्यावर त्याची मान आणखी खाली गेली, पण तो चालत आला, साहेबांच्या टेबलावर हेडफोन ठेवले आणि टेबलाकडेच बघत म्हणाला, "दुपारनंतर माझी नजर थकते. उद्यापासून मी पण पट्टी लावून बघणार. सगळ्यांसारखी. तरी हे द्यायचे असतील तर द्या."

"तू?" साहेब म्हणाले. "अरे, परवा पाहुणे येणार आहेत!"

"त्यांना पट्टी दाखवू."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी दारातून बाहेर बघितलं. थांबलेल्या मोटरी, रिकामे हात, आणि सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. डॉक्टरांच्या कवळ्या संध्याकाळी जायच्या होत्या, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"हो," साहेब पुटपुटले. शांतताच अशी होती की पुटपुटलेलंही पार खिडकीपर्यंत पोचलं.

"कुणाला?" धाकटीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"सगळ्यांना! झालं समाधान?" त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाट उघडलं. खोकी वरपर्यंत होती, प्लास्टिकमध्ये, धुळीने माखलेली. त्यांनी ती उचलून दिली नाहीत. कपाट उघडं टाकून खुर्चीत जाऊन बसले. लोकच उठून आले. मावशींनी प्लास्टिक दातांनी फाडलं, हेडफोन कानावर चढवले, दोन्ही हातांनी दाबून बघितले आणि डोळे मिटून नुसत्या उभ्या राहिल्या. मग एक कान उघडून म्हणाल्या, "अगं बाई, शिट्टी आहेच की अजून!" त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. जे गेलं होतं ते हेडफोनने परत येणार नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसेल. धाकटी त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"उद्या परत कुलूप घातलं तर?" खिडकीजवळच्या एकाने हळूच विचारलं.

"घालू दे," मावशी म्हणाल्या. "बटण माझ्याच हाताशी आहे." आणि त्यांनी मोटर सुरू केली.

धाकटी आपल्या जागेवर जाऊन बसली. सुळे अजून उलटेच होते. ती सुरी तापवत असताना एचआरच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. आता हसू नव्हतं. त्यामुळे चेहरा बरा दिसत होता. त्यांनी वाट बघितली, धाकटीने एक कान मोकळा केला.

"सोमवारपासून येणार ना?" त्यांनी विचारलं. नाही म्हणाली तर बरं, असंही त्या विचारण्यात थोडंसं होतं.

"येणार," धाकटी म्हणाली. "आणि मधूनमधून चुकणार."